खंडेनवमीआधी स्कूटरचा इंजिनाकडचा भाग घरीच धुवायचा आहे : पाणी कुठे चालते, कुठे चालत नाही?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलूहून मानवतच्या बाजूच्या एका गावातील शाळेत मी रोज स्कूटरने जाते. रस्त्याचा मोठा भाग डांबरी असला तरी शेवटचा तुकडा शेतांमधून जाणारा, काळ्या मातीचा आहे, आणि पावसाळ्यात त्याचे काय होते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. गाडी २०१९ सालची, म्हणजे कार्ब्युरेटरची आहे. वरचा पत्रा आणि प्लास्टिक मी नियमित पुसते, परंतु सीटखालचा, मागच्या चाकाभोवतीचा आणि इंजिनाच्या बुडाचा भाग जूनपासून तसाच राहिला आहे. तिथे चिखल, ग्रीस आणि कापसाचे तंतू यांचा जाड थर बसला असून नखाने खरवडला तर वरचा पापुद्रा निघतो, पण त्याखाली पुन्हा काळे, तेलकट, चिकट काहीतरी लागते.

दरवर्षी खंडेनवमीला आमच्याकडे गाडीची पूजा होते आणि त्याआधी ती स्वच्छ व्हावी अशी इच्छा आहे. आमच्या भागातील वॉशिंग सेंटरवर मुले गाडी उभी केल्या केल्या थेट इंजिनावर प्रेशर मारतात. शेजारच्या वहिनींची गाडी अशा एका ठिकाणाहून धुऊन आली, त्यानंतर दोन-तीन दिवस सकाळी ती चालूच होत नव्हती, आणि चालू झाली तर मिसिंग करत, म्हणजे मध्येच अडखळत, होती. म्हणून हे काम घरीच, अंगणात, बादली आणि ब्रशने करावे असे ठरवले आहे. इंजिन किती गार होऊ द्यावे, कोणते भाग झाकावेत, तेलकट थर काढायला रॉकेल किंवा डिझेल लावावे का, आणि धुतल्यावर गाडी लगेच चालू करावी की नाही, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

पान्हा दहा-बारा

ताई, जालन्यात माझे गॅरेज आहे आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या अशा धुलाईनंतरच्याच असतात, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

तुमची गाडी भर पावसात चालते ना? मग नुसत्या पाण्याने तिचे काही बिघडत नाही. पाऊस वरून पडतो आणि चाकाने उडवलेले पाणी खालून येते, हे गृहीत धरूनच कंपनीने टोप्या, रबर आणि आडोसे दिलेले असतात. हातभर अंतरावरून, बाजूने, जोर लावून आत घुसवलेल्या पाण्याचा मात्र त्यात विचार नसतो. त्यातही पाणी आत गेले म्हणून गाडी कायमची बिघडते असे नाही. आत गेलेले पाणी सुकण्याआधीच सेल्फ मारत बसल्याने अर्धी दुखणी उभी राहतात.

आता गाडी मधल्या स्टँडवर घेऊन तिच्या मागे उभ्या राहा. डाव्या हाताला मागच्या चाकापर्यंत गेलेले लांबट झाकण दिसेल, त्यात बेल्ट, वेगानुसार आपोआप गिअरचे काम करणारा व्हेरिएटर आणि क्लच असतात. हा भाग कोरडा चालतो. आत तेल नाही, पाणी नाही, आणि बेल्ट तापू नये म्हणून त्या झाकणाला हवा आत घेणारी आणि बाहेर सोडणारी वाट असते. त्या वाटेने पाणी गेले की बेल्ट घसरतो, म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे ओढत नाही. त्याच बाजूला वर काळ्या प्लास्टिकचा डबा असतो, तो एअर फिल्टरचा. त्यातील कागदी फिल्टर भिजला की तो वाळवून वापरण्यात अर्थ नसतो, बदलावाच लागतो. डब्याच्या तळाला एक छोटी पारदर्शक नळी असून तिच्या टोकाला बूच असते. त्या नळीत तेल-पाण्याचे काळपट मिश्रण साचते. बहुतेक माहितीपुस्तिकांत पावसानंतर किंवा धुतल्यानंतर ही नळी लवकर पाहावी असे लिहिलेले असते, पण ते पान कोणी उघडत नाही.

उजव्या हाताला सायलेन्सर आणि त्याच्या पुढे जाळीदार गोल झाकण आहे. त्या जाळीमागे इंजिन गार करणारा पंखा आणि त्याच्या मागे मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग, असतो. जाळीवर समोरून धार मारायची नाही, ओल्या ब्रशने घासून फडक्याने पुसायची. प्लगची टोपी, कॉईल आणि कार्ब्युरेटर हे सीटखालच्या खोलगट भागात येतात. बॅटरी कोणत्या गाडीला पायाखाली असते, कोणत्या गाडीला आणखी कुठे, तेवढे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

कामाचा क्रम असा ठेवा. गाडी चालवून आल्यावर किमान तासभर सावलीत उभी ठेवा. हाताचा उलटा पंजा इंजिनाच्या बुडाला सहज टेकवता आला तरच पाण्याला हात लावा. तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडले की धातू एका बाजूने एकदम आकसतो. रोज एवढ्याने तडा जात नाही हे खरे, पण गॅस्केट आणि सील यांना तो ताण सोसावा लागतो. शिवाय तापल्या भागावर साबण जागीच वाळून डाग धरतो. किल्ली काढून ठेवा आणि कुलपाला सरकते झाकण असेल तर ते बंद करा. सायलेन्सर गार झाल्यावर त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी घालून रबर लावा आणि ती पिशवी नजरेत भरेल अशा रंगाची घ्या, म्हणजे चालू करण्याआधी ती काढायची राहून जाणार नाही. एअर फिल्टरच्या डब्याचे हवा घेणारे तोंड आणि सीटखालचा प्लगकडचा भाग यांवर जाड कोरडे फडके कोंबून वर पिशवी बांधली की पुरे. गाडीला पूर्ण पॅकिंग करण्याची गरज नाही.

त्यानंतर माती. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून भेगाळते. तिच्या या स्वभावाचा फायदा घ्या. इंजिनाच्या बुडाचा आणि मडगार्डच्या आतला चिखल पूर्ण वाळलेला असतानाच बांबूच्या चपट्या काडीने किंवा जुन्या लाकडी उलथन्याने ढपले पाडून काढा. तिथे आधी पाणी ओतले तर त्याच मातीचा गारा होऊन तो सगळ्या फटींत जाईल. रंगाच्या पत्र्यावर मात्र उलटे करायचे, कारण तिथे कोरडी माती घासली तर चरे पडतात, म्हणून ती भिजवून वाहू द्यायची.

राहिलेल्या तेलकट थराला साबणाचे पाणी ब्रशने लावा, पाच-सात मिनिटे मुरू द्या, घासा, आणि मग मगाने किंवा नळीच्या मोकळ्या धारेने वरून खाली धुवा. धार कायम वरून खाली. बाजूच्या झाकणांच्या सांध्यात, चाकाच्या मध्यभागी आणि वायरींच्या जोडांवर ती रोखून धरायची नाही.

रसायनाचा तास

वरील प्रतिसाद उत्तम आहे. रॉकेल आणि साबण यांविषयी थोडे लिहितो, कारण हाच प्रश्न दहावीच्या वर्गात विचारला तर मुले हमखास रॉकेल असे उत्तर देतात.

रॉकेल तेलकट थर विरघळवते, यात शंका नाही. मात्र ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान चाळीस अंशांच्या आसपासच असते, आणि परभणीत मे महिन्यात सावलीतला पाराही तितका चढतो. आता हवा तेवढी तापलेली नसली तरी अर्धवट गार झालेले इंजिन सहज त्याहून गरम असते. शेजारीच पेट्रोलची नळी आणि बॅटरी असताना ही जोखीम घेण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरे असे की, रॉकेल आणि डिझेल यांमुळे साधे रबर फुगते आणि मऊ पडते, आणि प्लगच्या टोपीचे, वायरींच्या जोडांचे आणि नळ्यांच्या टोकांचे रबर हेच तर पाण्याला अडवत असते. डिझेलचा आणखी एक दोष म्हणजे ते लवकर उडून जात नाही. त्याचा पातळ थर राहतो आणि आपल्याकडच्या धुळीला तो आयताच सापडतो. डिझेलने चकचकीत केलेले इंजिन आठवडाभरात पहिल्यापेक्षा काळे दिसते ते यामुळे.

कॉस्टिक सोडा असलेली भांड्याची किंवा मोरीची पावडर आणि शौचालयाचे आम्लयुक्त द्रावण ही दोन्ही इंजिनापासून लांब ठेवावीत. ॲल्युमिनियमवर तीव्र अल्कलीचाही परिणाम होतो आणि तीव्र आम्लाचाही. त्याने पृष्ठभाग काळवंडतो, खडबडीत होतो आणि पुढे त्यावर मळ अधिक धरतो. गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू सर्वांत बरा, आणि तो नसेल तर भांड्याचा पातळ साबण पाण्यात बराच विरळ करून वापरावा.

बोअरच्या पाण्याचा मुद्दा इथे कोणी मांडला नाही. आपल्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. अंगाच्या किंवा कपड्याच्या वडीचा साबण त्यात फेसत नाही, उलट त्याची पांढरट साय धरते आणि ती फटींमध्ये अडकते. डिटर्जंट जड पाण्यातही काम करतो. पण शेवटचे पाणी तसेच वाळू दिले तर क्षाराचे पांढरे डाग उठतात. त्यासाठी शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याचा द्यावा, आणि तेही नसेल तर पाणी वाळण्याची वाट न पाहता फडक्याने टिपून घ्यावे.

मोंढा नाका

माझे मत थोडे वेगळे आहे. मी आडत दुकानात कामाला असून माझी गाडी वर्षानुवर्षे प्रेशरनेच धुतली जाते, आणि तिला आजवर काही झालेले नाही. दहा मिनिटांत काम होते, पन्नास-साठ रुपये जातात. घरी अंगणात बसून ब्रशने घासण्याचा हा खटाटोप ज्यांना हौस आहे त्यांनी करावा, परंतु प्रेशरने गाडी बिघडतेच असे चित्र उभे करणे योग्य नाही. तसे असते तर गावोगावची वॉशिंग सेंटर बंद पडली असती.

पान्हा दहा-बारा

मोंढा नाका यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही, कारण प्रेशरने धुतलेल्या दहापैकी आठ-नऊ गाड्या खरोखर नीट चालत घरी जातात. पण त्यामागचे कारण पाहा. घरच्या नळाचा दाब साधारण एक ते तीन बार असतो, तर अगदी घरगुती वापराच्या छोट्या प्रेशर मशीनचाही शंभर बारच्या आसपास जातो. धार चार हात लांब असेपर्यंत ती पसरून मऊ होते आणि काही होत नाही. मुलगा चिखल निघत नाही म्हणून नळी वीतभर जवळ नेतो, तेव्हा तीच धार रबराची कड उचलून आत शिरते. रबर नवे असेल तर ते पुन्हा बसते. चार-पाच वर्षे इंजिनाच्या धगीत राहून कडक झालेले रबर बसत नाही. म्हणजे गाडी किती जुनी आणि धार किती जवळ, यावर सगळे अवलंबून आहे. एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडत नाही तो या कारणाने.

शिवाय सगळे नुकसान त्याच दिवशी दिसत नाही. चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस धुऊन गेले तर त्याचा आवाज काही महिन्यांनी येतो आणि तेव्हा दोष खड्ड्यांना दिला जातो. स्टँडचा बुश कोरडा पडला की स्टँड जड लागते, तेव्हा म्हणतात की गाडीच जुनी झाली. पोळ्याला बैल नदीत उभा करून धुतो तशी गाडी धुण्याची आपल्याला सवय आहे, पण बैल अंग झटकून पाणी उडवतो, ही सोय गाडीला नाही.

सेंटरवर जायचेच असेल तर जरूर जा, फक्त समोर उभे राहा आणि इंजिनावर प्रेशर नको, वरची बॉडी, चाके आणि मडगार्ड तेवढे घ्या, असे स्पष्ट सांगा. नंतर तिथल्याच कंप्रेसरने प्लगच्या आसपास आणि वायरींच्या जोडांवर लांबून हवा मारून घ्या. हवेची नळीही नाकाजवळ धरल्यासारखी जवळ धरायची नसते, नाहीतर आतले पाणी बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाते.

गंजगोलाई

लातूरकर म्हणून पाण्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी उतरले होते आणि सगळे गाव ते पाहायला गेले होते. तेव्हापासून आमच्या घरी गाडीवर नळी सोडणे बंद झाले ते आजतागायत. सांगायचा मुद्दा असा की, पान्हा दहा-बारा यांनी सांगितलेल्या रीतीने, म्हणजे माती कोरडी काढून मग साबण लावून, इंजिनाकडचा भाग एका बादलीत आरामात होतो. आधी भिजवणाऱ्याला तीन-चार बादल्याही पुरत नाहीत. नळी नसल्याने नको तिथे पाणी जाण्याचा प्रश्नच उरत नाही, हा त्याचा वरचा फायदा.

हे पाणी झाडांना घालण्याचा मोह मात्र टाळावा. भाजी धुतलेले पाणी वेगळे आणि इंजिनाचे तेल उतरलेले पाणी वेगळे. जुनी गोणपाटे किंवा वर्तमानपत्रे खाली अंथरली तर सुटलेले काळे ढपले आणि बरेचसे तेल त्यावरच राहते. गाडी आडाच्या किंवा बोअरच्या तोंडाजवळ उभी करून धुणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना काय म्हणावे?

वाळूज दुसरी पाळी

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून निवृत्त झालो. बजाजचा तिथला कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर आमच्या भागातील दर दुसऱ्या घरापुढे चेतक उभी असायची. चेतकचे इंजिन उजव्या बाजूच्या फुगीर डबड्याखाली असे. ते डबडे हाताने काढले की इंजिन डोळ्यांपुढे उघडे पडायचे, त्यामुळे काय धुतो आहोत हे धुणाऱ्याला कळत असे. आजच्या गिअर नसलेल्या गाडीत इंजिन सगळ्या बाजूंनी झाकलेले असते आणि म्हणून या धाग्यातील एक गोष्ट सुटते आहे, ती मांडतो.

मोटारसायकलचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने गार होते. स्कूटरचे इंजिन वाऱ्यात नसते. त्याला मॅग्नेटोवर बसवलेला पंखा जाळीतून हवा ओढून देतो, आणि ती हवा सिलिंडरभोवतीच्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या कवचातून पंखांसारख्या कडांवरून, ज्यांना आपण फिन्स म्हणतो, फिरून खाली निघून जाते. ताईंनी कापसाच्या तंतूंचा उल्लेख केला आहे. सेलू, मानवत आणि परभणी हा जिनिंगचा पट्टा आहे. वेचणी सुरू झाली की रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा पांढऱ्या होतात. तो तंतू जाळीतून आत ओढला जातो, फिन्समधील तेलकट ओलाव्याला चिकटतो आणि त्यावर धूळ बसून नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून इंजिन कितीही चकाचक केले तरी हा थर तसाच राहतो, आणि इंजिनाच्या आयुष्याशी संबंध आहे तो याच थराचा. बाहेरचा काळा मळ दिसायला वाईट असतो एवढेच. उताराला लागल्यावरही इंजिन फार तापलेले वाटणे, उन्हात दूरवर गेल्यावर ओढ कमी होणे, ही त्याची लक्षणे असू शकतात.

तो पाण्याने निघत नाही. प्रेशर मारले तर तंतू भिजून आणखी घट्ट बसतो. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिककडून कवच उघडून घ्यावे, सुक्या ब्रशने आणि हवेने फिन्स मोकळ्या कराव्यात आणि कवच पुन्हा नीट बसवून घ्यावे. कवचाचा एखादा स्क्रू राहिला तर हवा मधूनच निसटते आणि सिलिंडरच्या टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून उघडताना स्क्रू वाटीत काढून ठेवायला सांगावे.

जाता जाता, खंडेनवमीला झेंडूची माळ आणि हळदकुंकू जरूर वाहा, पण त्या जाळीवर नको. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंख्याशी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. हँडलची माळही चाकाकडे लोंबू देऊ नये.

पैठण गेट

माझी गाडी २०२२ ची, बीएस-६ या प्रदूषण नियमांनुसारची, फ्युएल इंजेक्शनची आहे. हे सगळे तिलाही लागू होते का? मला असे सांगण्यात आले आहे की अशा गाडीच्या इंजिनाला पाणी लावूच नये.

पान्हा दहा-बारा

पाणी लावूच नये हे तितकेसे खरे नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि स्कूटरमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, सेन्सर आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा ईसीयू हा छोटा संगणक आला. या भागांचे जोड पाणीरोधक असतात, किंबहुना जुन्या गाडीच्या साध्या जोडांपेक्षा ते चांगलेच असतात. फरक असा की, कार्ब्युरेटरच्या गाडीत ओलावा गेला तर ती मिसिंग करून वाळल्यावर सुधारते. इंजेक्शनच्या गाडीत एखाद्या जोडात ओलावा राहून पितळी टोके हिरवी पडली की सेन्सर चुकीचे सांगतो, मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि मग स्कॅनर लावल्याशिवाय नेमके ठिकाण सापडत नाही. त्यामुळे ब्रश आणि ओले फडके यांवर काम भागवा. धुण्यासाठी म्हणून कोणताही जोड ओढून सोडवू नका, त्याची कडी मोडली की तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

सायलेन्सरच्या वाटेवर बहुतेक गाड्यांना ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आत सिरॅमिकचा भाग असतो आणि तापलेला असताना त्यावर गार पाणी पडले तर तो तडकू शकतो. इंजिन गार होऊ देण्याचा नियम तुमच्या गाडीला अधिक कडक लावा, आणि पावसात चालते मग आता काय होते, असे म्हणू नका. पावसात त्या जागी तुषार उडतात, बादली उपडी होत नाही.

बिनपेट्रोलची

विषय इंजिनाचा असल्यामुळे एवढेच लिहितो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीवर आयपी-६७ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो म्हणून काही जण तिच्या पोटाखाली प्रेशर मारतात. त्या आकड्यातील सातचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून केलेल्या चाचणीत टिकले, असा आहे. जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते आणि तिचा आकडाही वेगळा असतो, तेव्हा एकावरून दुसरे गृहीत धरू नये.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका अजून आहे. धुतल्यानंतर किती वेळाने आणि कशी चालू करावी? आणि चालू झाली नाही तर घरच्या घरी काय करता येईल?

पान्हा दहा-बारा

सकाळी लवकर धुवा, म्हणजे दिवसभराची हवा मिळेल. आधी सगळीकडून फडक्याने टिपा, मग झाकलेली फडकी आणि पिशव्या काढा, सायलेन्सरची पिशवी सर्वांत आधी. सीट आणि डिकी उघडी ठेवून गाडी वाऱ्याला दोन-तीन तास उभी करा. त्यानंतर मधल्या स्टँडवरच चालू करा आणि पाच-दहा मिनिटे सावकाश चालू द्या. मात्र हे अंगणात करा, बंद खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून नव्हे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि थोडे पाणी येईल, ते येऊ द्यावे. त्यासाठीच गाडी चालू ठेवायची आहे. थोडा वेळ चालवून लगेच बंद केली तर ते पाणी आतल्या काजळीबरोबर पडून राहते आणि सायलेन्सर आतून गंजतो.

चालू झाली नाही तर सेल्फ दाबत बसू नका. दोन-तीनदा पाहा, मग किकने पाहा, मग थांबा. प्लगची टोपी ओढून काढा, ओढताना वायरीला नव्हे तर टोपीला धरा. आतून कोरड्या कापडाने पुसा, प्लगभोवती पाणी साचले असेल तर ते टिपा आणि अर्धा तास तसेच उघडे ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. डब्याखालच्या त्या पारदर्शक नळीत पाणी दिसले तर बूच काढून ते सोडा. पाणी भरपूर निघाले तर फिल्टरचे झाकण उघडून कागद भिजला आहे का ते पाहावे लागेल आणि तोवर गाडी चालू करायची नाही. ऑइलची पट्टी काढून पाहणेही सोपे आहे. ऑइल दुधाळ दिसले तर गाडी तशीच ढकलत गॅरेजला न्या.

पहिल्या फेरीत ब्रेक धरणार नाहीत हे लक्षात ठेवा. ड्रममधील लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, ओले झालेले असतात, म्हणून रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेक अलगद धरून सोडा, आणि असे काही वेळा केले की पकड परत येते. स्टँडच्या बुशला आणि किकच्या दांड्याला तेलाचा थेंब द्या, पण ब्रेकच्या आसपास तेल किंवा पॉलिश नेऊ नका.

दुधनाकाठ

आज पहाटे काम केले. आपण सांगितल्याप्रमाणे माती कोरडीच काढली. ढपले निघाले ते पाहून घरच्यांनी हात टेकले, पण पाणी खरोखर एका बादलीच्या आत आटोपले. डब्याखालच्या नळीत काळे तेलकट पाणी बोटभर होते, ते सोडले. गाडी पहिल्या किकला चालू झाली, वाफ आली, आणि ब्रेक वाळवून घेतले.

मात्र मळ निघाल्यावर एक गोष्ट दिसली, जी आधी दिसणे शक्यच नव्हते. डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या आतील अंगाला, ड्रमच्या कडेवर ओलसर तेलाची रेघ आहे. फडक्याने पुसून फेरी मारून आले तर ती पुन्हा आली. हे बाहेरून उडालेले ग्रीस आहे की आतून काही गळते आहे? दसरा झाल्यावर दाखवले तर चालेल का?

पान्हा दहा-बारा

पुसल्यावर पुन्हा आली म्हणजे आतून गळते आहे. बेल्टच्या झाकणाच्या मागच्या टोकाला, चाकाच्या दांड्यावर, गिअर ऑइलची वेगळी खोली असते आणि तिच्या तोंडाशी एक ऑइल सील असते. तुमचे ते सील गेले असावे. इंजिनाचे ऑइल पाऊण लिटरच्या आसपास असते, पण हे गिअर ऑइल अवघे शंभर-सव्वाशे मिलिलिटर असते, त्यामुळे थोडे थोडे गळूनही ते लवकर संपते आणि मग आतील दाते कोरडे घासतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. पाण्याने भिजलेला लायनर वाळवता येतो, तेलाने भिजलेला वाळत नाही. दसऱ्यापर्यंत थांबू नका आणि त्या गाडीवर शाळेतही जाऊ नका. सील स्वस्त असते. चाक काढावे लागते म्हणून मजुरी पडते, तरी तासा-दीड तासाचे काम आहे. लायनर ओले झाले असतील तर सँडपेपर मारून पुन्हा बसवून देतो असे कोणी म्हटले तरी ऐकू नका, जोडी नवीच टाकून घ्या आणि ड्रम आतून पुसून घ्या. गिअर ऑइलही नव्याने मापाने भरून घ्या आणि खालच्या बोल्टचे वायसर बदलून घ्या.

दुधनाकाठ

उद्या सकाळीच दाखवते. तोवर शाळेला एसटीने जाईन. वाळूज दुसरी पाळी यांनी सांगितलेले कवचही त्याच वेळी उघडून घेते, कारण जाळीच्या फटीतून टॉर्च लावून पाहिले तर आत पांढरे काहीतरी दिसते आहे.

वाळूज दुसरी पाळी

तो कापूसच असणार. स्क्रू वाटीत ठेवायला सांगायला विसरू नका.